भिंतीकडे तोंड केलेला अंतोनी

आमच्या शाळेत चुका पोरी करतात आणि शिक्षा संत अंतोनीला होते.

हरवलेलं शोधून देणारा हा संत, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. मुलींच्या या कॉन्व्हेंट शाळेच्या दारातच त्याचा पुतळा आहे, कडेवर बाळ येशू. कुणाची कंपासपेटी गेली, ऑफिसची किल्ली सापडेना, की सिस्टर ब्रिजिता येतात, अंतोनीला खांद्याला धरून भिंतीकडे तोंड करून उभा करतात आणि दटावतात, "मिळेपर्यंत असाच राहा." वस्तू मिळाली की सुटका. आमच्याकडेही लोक देव पाण्यात घालून बसतात, तेव्हा मला बोलायचा अधिकार नाही. पण आमचे देव घरात असतात हो! इथे रोज सकाळी आत शिरलं की पहिलं दर्शन पाठीचं.

मी मुरबाडची, या शाळेत मराठी शिकवते. सिस्टर वसईच्या, वसतिगृह त्यांच्याकडे. बुटक्या, ठणठणीत, पांढऱ्या झग्याखाली कॅनव्हासचे बूट. रागावल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. खो-खोत हरलो की राग. जिंकलो, तर मग गेल्या वर्षी का हरलात म्हणून राग. आणि शेवटी ठरलेलं रडगाणं, "या शाळेत एक पोरगी माझं ऐकत नाय."

खरंच ऐकत नाहीत. धावू नका म्हटलं की धावतात. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात मेंढरं मांडा म्हटलं, तर यांनी म्हैस मांडली. वर सांगितलं, "सिस्टर, आमच्या गावात मेंढरं नायत." जवळच म्हसा गावची जत्रा भरते, तिच्यात तर अर्धी शाळा पळते. सिस्टर दरवर्षी गळ्यात शिट्टी अडकवून जत्रेत फिरतात. पोरी पकडायला, असं आम्ही धरून चाललो होतो. पकडून एकीलाही आणलेलं नाही, ते सोडा.

या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि माझ्या दहावीच्या वर्गातली सुगंधा आलीच नाही. तिच्या वाडीतल्या पोरी म्हणाल्या, आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली, वाशिंदकडे. माझं डोकं फिरलं. वर्गात सगळ्यात हुशार पोरगी, परीक्षा तोंडावर, आणि ही धाकट्या बहिणीला सांभाळायला भट्टीवर! मी स्टाफरूममध्ये तोंड सोडलं. सिस्टर उठल्या. तरातरा गेल्या आणि अंतोनीला फिरवला.

"अहो, तो काय करणार आहे?" मी ओरडले.

"त्याला लाज वाटेपर्यंत थांबा, टीचर."

नाताळला मोठे पाहुणे यायचे होते. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या हेडबाई, विनवून थकल्या, की दोन तासांपुरता तरी सरळ करा. ब्रिजिता हटल्या नाहीत. शेवटी पाहुण्यांनी हार घातला तो संताच्या पाठीकडूनच. त्यातच झाडलोट करणाऱ्या ताईमावशींची शेळी हरवली. त्यांनी हात जोडून सांगितलं, तिच्यासाठीपण सांगा याला. "आधी सुगंधा," सिस्टर म्हणाल्या, "शेळी रांगेत." आणि दुसऱ्या दिवशी शेळी आपल्या पायांनी घरी! त्या दिवशी अंतोनीला जे ऐकावं लागलं ते मी लिहू शकत नाही. शेळी सापडते आणि पोरगी सापडत नाही, एवढाच त्याचा गोषवारा.

मग रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपली की सिस्टर मला घेऊन भट्ट्या पालथ्या घालू लागल्या. मलाच का, तर म्हणे तुमचा आवाज मोठा आहे. माझे रविवार गेले, घरी नवरा तोंड फुगवून बसला. राखेनं साडीची वाट लागली. जाईन तिथला मुकादम पुढच्या भट्टीकडे बोट दाखवायचा. त्या माणसांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटायची, अजूनही वाटते.

अखेर एका भट्टीवर सुगंधा दिसली. कडेवर दोनेक वर्षांची चिमी, दोघींचे केस विटकरी झालेले. मला बघून पोरगी झोपडीमागे लपली. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी पोरगी!

बाप म्हणाला, आमी दोघं मातीत, ल्हान पोर खड्ड्यात पडली तर? मी आणि सिस्टर दोघी एकदम सुटलो. कोण काय बोलतंय ते आम्हालाही कळत नव्हतं. तेवढ्यात आई हात पुसत पुढे आली.

"नेशील तर दोघींना ने बाय," ती सिस्टरना म्हणाली. "धाकली हिच्याबिगर खात नाय."

सिस्टरनी चिमीला उचललं आणि चालू लागल्या.

शाळेत मोठ्या सिस्टरनी कपाळाला हात लावला, की वसतिगृहात दोन वर्षांचं पोर कुठल्या नियमात बसतं? "मुलींचं वसतिगृह ना?" ब्रिजिता कडाडल्या. "मग ही कोण, मुलगा आहे?" तशाच दाराशी गेल्या, अंतोनीला सरळ केला. चिमीनं आधी बाळ येशूचं नाक ओढलं.

आता चिमी माझ्या दहावीच्या वर्गात बसते. परवा तिनं खडू खाल्ला आणि हजेरीवर ओकली. मी भडकले, सरळ सिस्टरच्या खोलीवर गेले. तिथे खिडकीत वीतभर उंचीचा आणखी एक अंतोनी, तोंड भिंतीकडे.

"आता कोण हरवलं? सगळ्या आहेत वर्गात!"

"त्याला राहू दे. त्याचं काम व्हायचंय."

"कधीपासून?"

सिस्टर खाली बसल्या. रागावल्या नाहीत, म्हणून मी घाबरले. म्हणाल्या, "इथे आले त्या पहिल्या वर्षीचं आहे. जना म्हणून होती, वैशाखरे गावाकडची. म्हशाच्या जत्रेतून दोन दिवस उशिरा आली, गळ्यात नवी माळ घालून. मी गेटातच अडवली. म्हटलं, चालती हो, परत तोंड दाखवू नको."

"मग?"

"नाय दाखवलं. घरी गेले तर झोपडी बंद. दरवर्षी जत्रेत बघते. पोराबाळांची झाली असेल आता. माळेच्या दुकानापाशी उभी राहते मी." त्यांनी झग्याच्या टोकानं त्या छोट्या पुतळ्याची पाठ पुसली. "माझं ऐकणारी तेवढी एकच निघाली, टीचर."

मी भांडायला आले होते. ओकलेली हजेरी पदराआड धरून उभी राहिले.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. पोरी व्हरांड्यातून धडधडत सुटल्या. सुगंधा पुढे, चिमी तिच्या कडेवर. सिस्टर उठून खिडकीशी गेल्या आणि सवयीनं ओरडल्या, "धावू नका गो!"

एकही थांबली नाही.

"बरंय," सिस्टर म्हणाल्या.