सुकेळ्यातली गोळी

"या खेपेला औषध बुलेटच्या पोटात जाणार म्हणजे जाणारच!" रामनाथांनी अख्ख्या वसईला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

बुलेट म्हणजे त्यांचा कुत्रा. नाव बुलेट, पण त्याला पळताना कुणी पाहिलेलं नाही. वर्षात तिसऱ्यांदा त्याच्या पोटावर पू भरलेल्या पुळ्या उठल्या होत्या. दर वेळी चार दिवसांत पुळ्या सुकत, बुलेट पोळीतली गोळी पलंगाखाली थुंकायला लागे आणि रामनाथ म्हणत, "जाऊ दे, बरा झालाय."

जनावरांच्या डॉक्टर स्वप्नाताई वैतागल्या होत्या. "काका, अर्धवट औषधाने अर्धे जंतू मरतात, उरलेले शहाणे होतात! एकवीस दिवस पुरे करा."

"आणि पुन्हा पुळ्या उठल्या," चादरी धुऊन कंटाळलेल्या रामनाथांच्या पत्नी हंसाबाई म्हणाल्या, "तर कुत्रा गोखिवऱ्याला, विकीच्या गाळ्यावर राखणीला!"

विकी भाचा चांगला होता. पण बुलेटशिवाय संध्याकाळ? रामनाथांनी डोकं लढवलं. सुकेळी! वाळवलेलं राजेळी केळं, गुळापेक्षा चिकट. एकदा दाताला लागलं की थुंकायची सोय नाही! त्यांनी आठवड्याच्या चौदा अर्ध्या गोळ्या चौदा सुकेळ्यांत खुपसल्या, केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात पुडा बांधला आणि फळीवर बिनगोळीच्या सुकेळ्यांच्या पुड्याशेजारी ठेवला.

"खूण कशाला? डावीकडचा बुलेटचा!"

हे त्यांनी स्वतःलाच सांगितलं, बायकोला नाही.

दुपारी हंसाबाईंना शेजारच्या ज्युलीचा लोणच्याचा डबा परत द्यायचा होता. रिकामा डबा कसा द्यायचा? त्यांनी हाताला लागला तो पुडा डब्यात घातला. दुसरा डावीकडे सरकवून फळी पुसली.

आठवडाभर बुलेटने सुकेळी अशी खाल्ली की सणच! पुळ्या मात्र दुप्पट झाल्या. रामनाथांनी जेवण सोडलं. हंसाबाईंनी फोन उचलला. "विकी, टेम्पो कधी मोकळा आहे रे?"

तेवढ्यात ज्युलीचा नवरा फर्डिनंड कुंडी कवटाळून आत आला. चेहरा नातू झाल्यासारखा!

"रामनाथभाऊ, कुठल्या वाडीची केळी? साठ वर्षं केळीत गेली माझी, राजेळीत बी नाय बगितली! तुमच्या सुकेळ्यांत चौदा निगाल्या!"

"चौदा?" रामनाथ पुटपुटले.

"सगळ्या लावल्या! रोज पानी घालतो."

रामनाथांनी कुंडीत बोट घातलं. बोटाला पांढरा लगदा लागला.

"पण पुडा दिला कुणी?"

हंसाबाईंनी हळूच फोन खाली ठेवला.

"टेम्पो?" रामनाथांनी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला औषध मिळालंच कुठे!"

हकिगत ऐकून स्वप्नाताई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग नव्या गोळ्या लिहून म्हणाल्या, "पुन्हा पहिल्या दिवसापासून!"

रामनाथ नवी युक्ती काढू लागले. जिलबी? खरवस? हंसाबाईंनी पदर खोचला, बुलेटचा जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी सोडली, तोंड मिटून गळा चोळला. गट्! तीन सेकंद.

"हे येतं तुला? मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाविसाव्या दिवशी बुलेटचं पोट लख्ख! स्वप्नाताई म्हणाल्या, "शाबास! कुणी केलं हे?"

"त्याचं काय आहे..." म्हणत रामनाथांनी तोंड उघडलं. हंसाबाईंनी शांतपणे पदर खोचला.

रामनाथांनी तोंड मिटलं.