शाल, श्रीफळ आणि छापायचं बटण

एका जंगलात एक संगणक होता. तो तिथे कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. गोष्टीत बोलणारा कावळा चालतो, मग संगणकही चालतो. म्हणजे तसा तो चालत नव्हता, पण ते पुढे येईल.

हा संगणक मोहाच्या झाडाखाली एका दगडी चौथऱ्यावर ठेवलेला होता. त्याच्या पोटात एक ऑपरेटिंग सिस्टीम होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? घरात आई असते ना, जी सगळ्यांना उठवते, कोणती वस्तू कुठे आहे ते सांगते आणि मध्येच "मी जरा बसते बाई" म्हणून बसते? तीच. जंगलातल्या या सिस्टीमचं नाव होतं 'पारंबी'. ती वामनराव सुतारपक्ष्यांनी एकट्याने घडवली होती. वामनराव दिवसभर चोचीने कळफलक बडवत. टक, टक, टक.

पारंबी अगदी साधी होती. उघडायची, काम करायची, बंद व्हायची. त्यामुळे तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे.

हे वनराज सिंहांना खटकलं. "शेजारच्या जंगलात रोज सुधारणा होतात म्हणे," ते म्हणाले. "आणि आपल्याकडे? नुसतं काम होतं!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

लगेच एक सूचना समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले रंगराव सरडे, कारण कोणत्याही बाजूला बसवलं तरी ते त्या बाजूचे दिसत. नियम ठरला : पारंबीत काय नवीन हवं ते प्रजेने सुचवावं. ज्याची सूचना मंजूर होईल त्याला शाल, श्रीफळ आणि पाच मिनिटांचं भाषण.

मुलांनो, शाल मिळते म्हटल्यावर ज्याने संगणक लांबूनही पाहिला नव्हता, त्यालाही सूचना सुचू लागल्या!

हत्ती म्हणाला, पडद्यावरची चित्रं पायाने दाबता येतील एवढी मोठी करा. मुंग्या म्हणाल्या, लहान करा आणि एका रांगेत लावा. दोन्ही मंजूर. वटवाघळांनी पडदा उलटा मागितला. कासवाचं म्हणणं, यंत्र फार घाई करतं, दम लागतो. मगरीने सुचवलं की फाईल पुसून टाकताना पडद्यावर दोन अश्रू ओघळावेत, म्हणजे बरं दिसतं. कोकिळेची सूचना सगळ्यांत गोड आवाजात आली : आपली फाईल आपोआप दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जाऊन बसावी आणि त्याने ती सांभाळावी. त्या दिवसापासून कावळ्याचा फोल्डर उघडायला पाऊण तास लागू लागला.

अस्वल म्हणालं, "माझी नखं मोठी. एक अक्षर दाबायला गेलं की सात उमटतात. त्यापेक्षा जो पंजा ठेवील त्याचं नाव यंत्राने ओळखून आपलं आपण भरावं." टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्वलाला शाल पुरेना, दोन जोडाव्या लागल्या.

आणि मोराने काय मागितलं असेल? प्रत्येक बटण दाबलं की पडद्यावर मोर नाचावा.

माकडाने तर मिळालेला नारळ तिथेच फोडून खाल्ला आणि लगेच दुसरी सूचना दिली.

पण आपली गोष्ट ह्या मंडळींची नाही. आपली गोष्ट आहे चंद्राक्का घोरपडीची. तिला शाल नको होती. घोरपडीला खांदेच नसतात, शाल राहणार कुठे? तिला हवा होता एक कागद.

झालं असं होतं, की वनराजांनी फर्मान काढलं होतं. येत्या पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत ज्याच्याकडे आपल्या बिळाचा छापील दाखला नसेल, त्याचं बीळ जो सगळ्यांत आधी मागेल त्याला देण्यात येईल.

चंद्राक्काचं बीळ जांभळाखाली होतं. तिने ते तीन वर्षं स्वतः खणलं होतं. त्यात तिचं एक नख कायमचं गेलं. आत दोन वळणं, दारात ऊन खायला एक सपाट दगड. असं बीळ पंचक्रोशीत नव्हतं. म्हणूनच मुरारराव मुंगूस रोज सकाळी तिथे येई, दारात उभा राहून शेपटीने मापं घेई आणि मोठ्याने म्हणे, "इथे माझी चटई. इथे अंड्यांचा साठा. ही दुसऱ्या वळणाची जागा जरा अंधारी आहे, पण चालेल."

चंद्राक्का आतून फुसकारे. पण नुसत्या फुसकारण्याने कधी कुणाचं बीळ वाचलंय?

म्हणून ती संगणकापाशी गेली. अर्ज उघडला. सगळं नीट भरलं. छापायचं बटण दाबलं. पडद्यावर मोर आला, नाचला, गेला. कागद काही आला नाही. तिने पुन्हा दाबलं. मोर पुन्हा नाचला. अकरा वेळा नाचून मोर दमला, पण कागद नाही.

ती तडक रंगरावांकडे गेली.

"रंगराव, प्रिंट निघत नाही."

रंगराव हिरवे होते ते पिवळे झाले. "ही सूचना आहे की तक्रार?"

"आता बटण चालत नाही म्हटल्यावर..."

"म्हणजे तक्रार. अक्का, आम्ही तक्रारी घेत नाही. तक्रारीने वातावरण बिघडतं."

"अहो, माझं बीळ जाईल!"

"मग तसं सांगा ना! बीळ अधिक चांगल्या प्रकारे कसं जाईल, याबद्दल काही सूचना असेल तर अवश्य द्या."

चंद्राक्का वामनरावांकडे गेली. बिचारे वामनराव झाडाला टेकून बसले होते. चोच पार बोथट झाली होती.

"घोडं कुठे पेंड खातंय ते मला ठाऊक आहे, अक्का," ते म्हणाले. "छापायच्या बटणाची तार त्या मोराच्या पिसाऱ्यात अडकली आहे. एक टोचा मारला की सुटेल."

"मग मारा की टोचा!"

"कसा मारू? माझ्यापुढे एकशे बारा मंजूर सूचना आहेत. आज पडदा उलटा करायचाय. उद्या माकडाची तिसरी. टोच्याला कुणाची मंजुरी आहे? टोच्याला काय शाल द्यायची?"

एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. टक, टक.

आता मुलांनो, घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलंच असेल. चंद्राक्का त्या चौथऱ्याला चिकटली. तीन दिवस हलली नाही. तीन दिवसांत तिने चौदा सत्कार पाहिले, चौदा भाषणं ऐकली आणि चौदांपैकी एकालाही पारंबी वापरताना पाहिलं नाही. ऐकता ऐकता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बिघडलेलं नीट करा असं म्हणणारा एकही जण त्या व्यासपीठावर चढला नव्हता. जो तो काहीतरी नवीन मागून वर गेला होता.

चौथ्या दिवशी तिने सूचना लिहिली.

"सूचना क्रमांक चारशे सात. पारंबीमध्ये एक अभूतपूर्व सोय असावी. पडद्यावर एक बटण असावे. ते दाबले असता यंत्रातून कागद बाहेर यावा. कागदावर अक्षरे असावीत. या क्रांतिकारक सोयीस 'वनराज-मुद्रण' असे नाव द्यावे."

रंगरावांनी ती वाचली आणि जन्मात पहिल्यांदा ते जांभळे झाले.

"छापणं!" ते ओरडले. "वा, अक्का! हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही?"

"सुचलं होतं, पण ते तुमच्या..." असं म्हणता म्हणता चंद्राक्काने जीभ चावली. तिच्या जिभेला दोन टोकं होती, म्हणून दोनदा चावावी लागली.

सूचना एकमताने मंजूर झाली. वामनरावांनी एक टोचा मारला, तार सुटली. मग उरलेले दोन दिवस ते बटणाला सोनेरी रंग देत बसले, कारण नुसत्या टोच्याला सुधारणा म्हणता येत नाही.

"आता दाबू का?" चंद्राक्काने विचारलं.

"छे! छे!" रंगराव म्हणाले. "उद्घाटनाआधी? आधी सत्कार, मग बटण."

आणि सत्कार ठरला नेमका पौर्णिमेच्या दिवशी!

दुपारपासून सगळं जंगल मोहाखाली जमलं. चंद्राक्काने सकाळीच आपला अर्ज पडद्यावर उघडून ठेवला होता. नाव यंत्र आपलं आपण भरणार होतं; नुसतं बटण दाबायचं, की झालं. पहिल्या रांगेत मुरारराव मुंगूस बसला होता. येताना तो चटई घेऊनच आला होता.

कोकिळेने स्वागतगीत गायलं. कावळा उठून गेला. मग रंगराव बोलायला उभे राहिले. चंद्राक्कांनी बालपणापासूनच छपाईचा ध्यास कसा घेतला होता, अंड्यातून बाहेर येतानाच त्यांनी कागद कसा मागितला होता, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. ऊन कलंडलं. मग हत्तीने दोन शब्द सांगितले. हत्तीचे दोन शब्द तासभर चालले. चंद्राक्काच्या पाठीवर शाल टाकली, ती घसरली. पुन्हा टाकली, पुन्हा घसरली. मांडीवर नारळ दिला, पण घोरपडीला मांडीही नसते. नारळ गडगडत गेला तो माकडापाशी थांबला.

चंद्राक्काचं लक्ष फक्त डोंगराकडे होतं. सूर्य टेकला होता.

"माझं भाषण राहू द्या!" ती ओरडली. "आधी बटण दाबू द्या!"

"केवढी ही विनम्रता!" रंगराव गहिवरले. "परंतु पहिला मान वनराजांचा!"

वनराज उठले. आयाळ झटकली. पंजा उचलला आणि सोनेरी बटणावर ठेवला.

मोर नाचला. यंत्र घरघरलं. आणि काय सांगू मुलांनो, खरोखरच कागद बाहेर आला! रंगरावांनी तो मोठ्याने वाचला :

"बिळाचा दाखला. ठिकाण, जांभळाखाली. आत वळणे दोन. दारात दगड एक. मालक, वनराज सिंह."

अस्वलाच्या सुधारणेने आपलं काम चोख केलं होतं. पंजा ओळखला होता आणि नाव भरलं होतं.

तेवढ्यात सूर्य मावळला.

चंद्राक्काला रडू कोसळलं. मगरीसारखं नाही, खरंखुरं. तीन वर्षं खणलेलं बीळ, गेलेलं नख, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. "महाराज," ती म्हणाली, "चूक झाली हो. ते बीळ माझं आहे. मीच खणलंय ते."

रंगरावांनी तिच्या कानाशी येऊन विचारलं, "अक्का, ही सूचना की तक्रार?"

पण वनराजांचं कुठेच लक्ष नव्हतं. ते तो कागद उलटसुलट करून बघत होते. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"सगळं जंगल तुमचं, सगळं जंगल तुमचं, असं जो तो म्हणतो," ते म्हणाले. "पण आजवर एका चिटोऱ्यावर कुणी तसं लिहून दिलं नव्हतं. चंद्राक्का, आज मला घर मिळालं!"

मग त्यांना एकदम आठवलं. "पण त्यात माझं शेपूट सोडून काही मावायचं नाही. तिथे राखणीला कुणीतरी हवं. तू राहशील का?"

चंद्राक्काने डोळे पुसले. "राहीन की," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारराव चटई घेऊन जांभळाखाली हजर. बघतो तर दारावर दाखला लावलेला. त्याने तो वाचला. त्याच्या शेपटीचा एकेक केस उभा राहिला.

"महाराज... आत आहेत का?" त्याने हळूच विचारलं.

"झोपलेत," आतून चंद्राक्का म्हणाली. "उठवू का?"

मुरारराव जो पळाला तो ओढ्यापलीकडे जाऊनच थांबला. चटई तिथेच राहिली. चंद्राक्काने ती दुसऱ्या वळणावर अंथरली.

त्या आठवड्यात जंगलात भलतंच घडलं. सशाकडे स्वतःच्या नावाचा अस्सल दाखला होता. धामणीने तो दाखला गिळला आणि बिळात जाऊन बसली. साळिंदराचा दाखला तरसाने आपल्या नावावर फिरवून घेतला. कोल्ह्याच्या एका बिळावर तीन दाखले निघाले आणि तिन्ही खरे निघाले. एकट्या चंद्राक्काच्या बिळाकडे कुणी वाकड्या नजरेने बघेना.

एके दिवशी वामनराव मुद्दाम उडत तिच्याकडे आले. फार दिवसांनी त्यांना थोडी उसंत मिळाली होती.

"अक्का, माझ्या जिवाला चुटपुट लागून राहिलीय," ते म्हणाले. "एक टोचा मारतो. मालकाच्या जागी तुमचं नाव येईल. कुणाला कळणारही नाही."

चंद्राक्का दगडावर ऊन खात पडली होती. ती ताडकन उठली.

"खबरदार टोचा माराल तर!" ती म्हणाली. "जे बिघडलंय ते छान बिघडलंय. हात लावू नका!"

वामनराव मान हलवून, मोराला पाठीमागूनही नाचवायचं काम बाकी होतं तिकडे निघून गेले.

अजूनही जाता-येता कुणी विचारतं, "काय अक्का, बीळ झकास आहे, कुणाचं?" तेव्हा चंद्राक्का दारातल्या कागदाकडे बोट करून म्हणते, "वनराजांचं. मी आपली राखणदार." मग ती आत जाते, दोन्ही वळणं घेते, कुणी ऐकत नाही ना ते बघते आणि भिंतीला घट्ट चिकटून पुटपुटते, "माझं आहेस रे, माझं."

तात्पर्य : बिघडलेलं यंत्र दुरुस्त व्हावं म्हणून जिवाचं रान करू नये. ते आणखी सुधारू द्यावं. पुरेसं सुधारलं की ते इतकं बिघडतं, की गरिबाचंही एखादं काम त्यातून चुकून होऊन जातं.