दिगंबरपंतांच्या मखमली तुमानीची हकीकत

॥ श्री ॥ ज्याने देह दिला त्यास नमन, आणि त्या देहाचे माप घेऊन ज्याने वस्त्र बेतिले त्या शिंप्यासही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. राज्य कोणते हे पुसू नये. चौथ्या मजल्यावर, अडीच खोल्यांचे, पूर्वेस जिना, पश्चिमेस शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी, उत्तरेस व दक्षिणेस नुसत्या भिंती, ऐशी त्याची चतुःसीमा. तेथील धनी दिगंबरपंत खासनीस, सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त जाहलेले. नाव दिगंबर आणि हकीकत वस्त्रांची, हा योग पाहून हसू आल्यास खुशाल हसावे. पंतांच्या नावास हसण्याची चाल शाळेपासूनची आहे.

पंत स्वभावे गरीब. मुखी "हो" हा एकच शब्द. साहेब बोलिले, रविवारी कचेरीत या, की हो. राणीसाहेब कुमुदबाई बोलिल्या, आज दोडका, की हो. शेजारी बोलिला, तुमच्या दारात माझी सायकल ठेवितो, की हो, आणि ती सायकल अकरा वर्षे तेथेच उभी. "नाही" हा शब्द पंतांच्या कंठापर्यंत येई, तेथे अंमळ बसे, आणि मग खोकला होऊन बाहेर पडे. यास्तव पंतांस जुनाट खोकला आहे ऐसा मुलूखभर बोभाटा.

पंतांस एकुलती कन्या केतकी, मोठी हुशार, आणि तिचे मन सौमित्र रत्नपारखी या मुलावर बसले आणि त्याचे तिजवर. उभयतांनी ठरविले की विवाह नोंदणीचा करावा, पन्नास माणसे जेवू घालावी आणि सुटसुटीत मोकळे व्हावे. परंतु वराचे मामा सदूमामा म्हणून मोठे जबरदस्त गृहस्थ, त्यांच्यापुढे वराच्या तीर्थरूपांचीही मान वर होत नसे, आणि मामांची आकांक्षा ऐशी की घोडा पाहिजे, वरात पाहिजे आणि पुढे एकवीस असामींचा बँड पाहिजे. शुद्ध सप्तमी, रविवारी, वराकडील मंडळी बोलणी करावयास येणार ऐसे ठरले. तेव्हा केतकी पंतांजवळ येऊन बसली आणि बोलिली, "बाबा, मामा बँडचं काढणार. सौमित्रचे बाबा त्यांच्यासमोर गप्प बसतात. तुम्ही एकदाच नाही म्हणा ना. मला त्या दिवशी सगळ्यांचं बोलणं ऐकू यायला हवंय, तुतारी नाही." पंत बोलिले, "हो." मग घाईने बोलिले, "म्हणजे, नाही म्हणेन, याला हो." पोर हसली, परंतु विश्वासून हसली नाही, आणि ते पंतांस लागले. फार लागले.

आता उपाय काय, या विवंचनेत पंत असता, घरातील दूरदर्शनच्या पेटीवर परमुलुखातील एक कथा लागत असे. तीत गुंडांचा एक नाईक. वय पंतांइतुके, पोट पंतांहून दोन बोटे अधिक. अंगावर धावण्याचा पोशाख, ज्यासि ट्रॅकसूट म्हणती, मरून रंगाचा, मऊ मखमलीचा, चेन अर्धी उघडी. धावण्याचा पोशाख घालून तो नाईक सबंध कथेत एक पाऊल धावला नाही. दुकानासमोर खुर्ची टाकून बसे आणि संत्रे सोली, आणि मोठमोठे कोटवाले येऊन काही मागत, तो संत्र्यावरील नजर न काढता "नो" इतुकेच बोले, आणि कोटवाले उलट पावली जात. पंतांनी पेटी थांबवून थांबवून पाहिले आणि सिद्धान्त काढिला की तेज संत्र्यात नाही, मुखात नाही, ते या सैल तुमानीत आहे. आपण छत्तीस वर्षे सदरा आत खोचून पट्टा आवळिला, "नाही" कोठून बाहेर यावे? मार्गच बंद! ऐसा महान शोध लावून पंत स्वतःवर फार संतुष्ट जाहले. सरकारी कचेरीत बुद्धी शाबूत राहते ती या प्रकारची.

बाजारात सिद्ध पोशाख पाहिले तो पोटास होईल तो पायास वीतभर लांब. मग पंत जुन्या ओळखीच्या पतंगे मास्तरांकडे गेले. मास्तर बोलिले, "मखमल ना साहेब? आहे की. एका ऑर्डरीतलं मरून ठाण उरलंय, एक नंबर माल." कोणाची ऑर्डर हे पंतांनी पुसिले नाही, आणि सगळा अनर्थ तेथे जाहला. चवथ्या रोजी पोशाख हाती आला तो खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर सोनेरी गोफ, तुमानीच्या दोन्ही बाजूंस कमरेपासून घोट्यापर्यंत जरीची पट्टी. मास्तर अभिमानाने बोलिले, "साधं फार मोकळं दिसत होतं साहेब, म्हणून हे माझ्यातर्फे. आवडलं ना?" नाही, हा शब्द पंतांच्या कंठापर्यंत आला, आणि पंत खोकले, आणि बोलिले, "हो."

घरी येऊन पंतांनी वस्त्रे धारण केली आणि तालमीस्तव खुर्चीत बसून संत्रे सोलू लागले. कुमुदबाई केर काढीत आल्या, पंतांस आपादमस्तक पाहिले आणि बोलिल्या, "पाय वर घ्या." पंतांनी पाय वर घेतले. पुन्हा बोलिल्या, "आणि साली खाली टाकू नका." पंतांनी साली खिशात घातल्या. पहिली मोहीम येणेप्रमाणे फसली. तरी तुमानीवरील निष्ठा ढळली नाही, कारण आता दुसरे काही उरलेच नव्हते.

मग सप्तमीचा दिवस उगवला. कुमुदबाई मुदपाकात पोहे परतीत होत्या, पंत मखमलीत सिद्ध होऊन कोचावर बसले, शेजारी केतकी. तिने पोशाख पाहिला आणि ओठ चाविले. सदूमामांची रिक्षा पुढे आली आणि बाकी मंडळी मागे राहिली, म्हणून मामा एकटेच वर आले; त्यांनी पंतांस वा केतकीस पूर्वी कधी पाहिले नव्हते. दार उघडेच होते. मामांनी मरून मखमल पाहिली, झालर पाहिली, गोफ पाहिला, आणि मुद्रा प्रसन्न जाहली.

"बँडमास्तर ना? मीच फोन करून इथे बोलावलं होतं. वेळेवर आलात, छान."

पंत गडबडले आणि छत्तीस वर्षांच्या सवयीने बोलिले, "हो."

केतकी काही बोलणार, तो मामा समोर बसून कलमे सांगू लागले. "एकवीस माणसं लागतील." हो. "घोड्यापुढे अर्धा तास तरी नाच झाला पाहिजे." हो. "गाणी आमची पोरं सांगतील ती." हो. प्रत्येक "हो"बरोबर केतकीची मान खाली जात होती. ती आता आपल्या हाताच्या बोटांकडे पाहात होती, आणि पंतांस ते दिसत होते, आणि पंतांस ओरडावेसे वाटत होते, आणि पंत फक्त मान डोलवीत होते. ऐशा शरमेचा प्रसंग शत्रूवरही न यावा.

मग मामा खुशीत पुढे झुकले आणि आवाज उतरवून बोलिले, "आणि मुलीकडच्यांची चिंता करू नका. बाप म्हणजे गरीब गाय आहे म्हणे. काहीही सांगा, हो म्हणतो."

पंतांच्या कंठी काही आले. नेहमीचे होते. तेथे बसले. पंतांनी खोकण्यास तोंड उघडिले आणि खोकला आलाच नाही.

"नाही."

"काय नाही?"

"बँड वाजणार नाही."

"अहो, आत्ता तर हो म्हणालात! का नाही?"

"मुलीला नकोय."

"मुलीला काय हवंनको ते तुम्ही कोण ठरवणार?" मामा चिडून उभे राहिले. "तुम्ही कोण तिचे?"

"बाप," पंत बोलिले.

मामा बसले. दारात वराचे तीर्थरूप अनंतराव रत्नपारखी आणि सौमित्र उभे होते, त्यांनी शेवटली कलमे ऐकिली होती. मुदपाकातून कुमुदबाई झारा हाती घेऊन आल्या, त्यांनी प्रथमच पंतांस केर काढावयाच्या नजरेने पाहिले नाही. तेसमयी घंटा वाजली आणि खरे बँडमास्तर हजर जाहले, मरून मखमल, तीच झालर, तोच गोफ. त्यांनी पंतांस पाहून आदराने मान लवविली आणि पुसिले, "आपण कुठल्या पार्टीत?" त्यांस पोहे देऊन सन्मानाने निरोप दिला.

मामा थोडे रागावले, थोडे कुरकुरले, परंतु अनंतराव हळूच बोलिले, "सदू, पन्नास माणसं पुष्कळ झाली." हे वाक्य ते तीस वर्षे बोलू पाहात होते, ऐसे मागाहून कळले. मग मानपानाचे निघाले. व्याह्यांस वस्त्रे द्यावी ही रीत, पंतांनी पुसिले, शर्टपीस की धोतरजोडी? अनंतराव पंतांच्या तुमानीवरून हात फिरवून बोलिले, "हा शिंपी कुठला? मला असलाच शिवा. पण सोनेरी नको." पंत बोलिले, "हो," आणि तो "हो" पंतांच्या आयुष्यातील पहिला, जो त्यांनी आपणहून दिला.

मंडळी गेल्यावर केतकी पंतांजवळ येऊन बसली आणि त्यांच्या खांद्यावरील झालर बोटांनी विंचरू लागली. पंत ऐटीने बोलिले, "पाहिलंस? सगळी या कपड्यांची करामत. आत माझे गुडघे लटलटत होते, पण सैल असल्यामुळे कुणाला दिसलं नाही."

"मला कळलं ना बाबा."

"कसं?"

"मी शेजारीच बसले होते. सगळा कोच हलत होता." ऐसे बोलून तिने मस्तक पंतांच्या मखमली खांद्यावर टेकिले आणि बराच काळ उचलिले नाही, आणि पंत खोकले, परंतु तो खोकला निराळा होता.

सारांश, विवाह नोंदणीच्या कचेरीत जाहला, पन्नास माणसे जेविली, दोन व्याही मखमलीत बसले आणि सर्वांचे बोलणे सर्वांस ऐकू आले. दारातील सायकल अद्याप तेथेच आहे; तिजवरील मोहीम विचाराधीन. गुडघे कापल्याचे वृत्त इतुक्या तपशिलाने लेखकास कैसे ठाऊक, ऐसे कोणी पुसेल, तरी लेखक हे लिहितेसमयी तीच तुमान नेसून बसला आहे, आणि आतून राणीसाहेब पाय वर घ्यावयास सांगत आहेत, सबब येथे लेखणी ठेवितो. हो, आलो.