इल्माने दार उघडलं नाही

पोलिसांशी कसं बोलावं, हे आमच्या अख्ख्या गावात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी त्या नोव्हेंबरातल्या रविवारपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत असे!

मी आर्व्हो लॅम्पिनेन. मिशिगनच्या पार उत्तरेच्या टोकाला, जिथे सरोवरावरून बर्फ आडवा येऊन तोंडावर आपटतो, तिथे आमचं घर आहे. माझी सगळी नोकरी हायस्कुलातल्या पोरांना गाडी चालवायला शिकवण्यात गेली. निवृत्त झालो आणि पंचाईत झाली. शिकवायची खोड तशीच, शिकायला मात्र कुणी नाही. मग घरात इल्मा सापडली.

इल्मा माझी बायको. तिला मज्जातंतूंचा आजार आहे. त्याचं नाव एवढं लांबलचक आहे की ते डॉक्टरांनीच घ्यावं. पायांत पेटके येतात, आणि आले की पोटरीत कुणीतरी दोरखंड पिळतंय असं वाटतं म्हणते. खिडकीपाशी तिचा माग आहे. जुन्या चादरींच्या, माझ्या विटक्या शर्टांच्या चिंध्या करून ती त्यावर गालिचे विणते. पेटके आले की मागापाशी बसणंसुद्धा जमत नाही. गोळ्या दिल्या तर दिवसभर झोपायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गांजाची शिफारस केली.

तेव्हा आमच्या राज्यात गांजा फक्त आजाऱ्याला चालायचा, तोही कार्डवाल्या आजाऱ्याला. इल्माला रुग्णाचं कार्ड मिळालं आणि मला तिच्यासाठी पिकवणाऱ्याचं. आता पिकवायचा कुठे? कायदा म्हणतो, जागा बंदिस्त हवी, दाराला कुलूप हवं. सरोवराकाठी आमचं एक लाकडी खोपट आहे, तिथे अशी एकच जागा होती. सौना, म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली!

फिनिश माणूस एक वेळ चर्च चुकवेल, पण शनिवारचा सौना चुकवणार नाही. आजोबांनी स्वतःच्या हाताने बांधलेला तो सौना मी गांजाच्या झाडांना दिला आणि शनिवारी घरातल्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसू लागलो. यापेक्षा जास्त प्रेम कुणी कुणावर केलेलं मला तरी माहीत नाही.

आणि औषध लागू पडलं हो! इल्मा पुन्हा विणू लागली. एका संध्याकाळी मागाचा खडखडाट ऐकून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. पण लगेच धास्तीही शिरली. उद्या एखाद्या पोलिसाने हे औषध उचलून नेलं तर? पिकायला महिनोन्‌महिने लागतात. तोपर्यंत इल्माने काय करायचं?

झालं! मी वाचनालयातून कायद्याची पुस्तकं आणली. एका वकिलाचं व्याख्यान ऐकून आलो. पोलिसांसमोर आजाऱ्याचे हक्क काय, मला तोंडपाठ! आणि दर रविवारी चर्चहून आलो की इल्माची तालीम सुरू केली. मी शिकारीची नारिंगी टोपी घालून बाहेर जायचो आणि दार ठोठावायचो.

"पोलीस! दार उघडा!"

"वॉरंट आहे?" इल्मा आतून.

"अहो बाई, वॉरंट कशाला? पाच मिनिटांचं काम!"

"मग नाही उघडणार. झडतीला माझी संमती नाही."

"तुमच्या नवऱ्याने सगळं कबूल केलंय!"

इथे ती हमखास हसायची आणि मी चिडायचो. "हसतेस काय! पोलिसांना खोटं बोलायची मुभा असते. उद्या ते मलाच पुढे करतील. मी म्हणेन, इल्मा, उघड गं! तरी उघडायचं नाही. तो मी नसेन, दबावाखालचा मी असेन!"

"दोघांतला फरक कसा ओळखायचा?"

"ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही!"

त्या रविवारी तिचं तालमीत लक्ष नव्हतं. औषध संपलं होतं आणि पाय थरथरत होते. "आर्व्हो, आज राहू दे रे," म्हणाली. पण शिक्षक कधी ऐकतो? मी दोघांची कार्डं तिच्या हातात कोंबली, तालीम पुरी करून घेतली आणि मगच गाडी काढून खोपटाकडे निघालो. सौनातलं नवं पीक वाळून तयार होतं. ते मी मासेमारीच्या पत्र्याच्या डब्यात भरलं, डब्याला कुलूप लावलं, डबा डिकीत ठेवला. अगदी कायद्यात लिहिल्याप्रमाणे! येताना बेकरीतून इल्माच्या आवडीची गरम पास्टी घेतली, करंजीसारखी, मांस-बटाटा भरून सलगम जास्त घातलेली, आणि शीळ घालत परत निघालो.

सरोवराच्या वळणावर मागे निळे-लाल दिवे चमकले.

शेरीफच्या ऑफिसातला डेल ट्रेव्हारो गाडीतून उतरला. हा माझाच विद्यार्थी! कडेला गाडी लावायला याला शिकवता शिकवता मी शाळेचं कुंपण गमावलं होतं. त्याने काचेवर टकटक केली.

"काय सर, कसे आहात?"

"या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील नाही!"

डेल गडबडला. "बरं. बाई कशा आहेत?"

"त्याचंही नाही!"

"सर, तुमचा मागचा डावा दिवा गेलाय. गाडीत बसायच्या आधी चारही दिवे बघायचे, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला." मग त्याने नाक वर केलं. "आहा! वास काय सुटलाय हो!"

मी घाईने काच अर्धी वर केली. "झडतीला माझी संमती नाही!"

"पास्टीच्या?"

आता इथे गप्प बसायचं होतं. पुस्तकात तेच होतं, वकीलही तेच म्हणाला होता, इल्माला मीही तेच शिकवलं होतं. पण डेल माझ्याकडे बघत राहिला आणि ती शांतता मला सोसवेना! तोंडातून धरण फुटलं. डिकीत डबा आहे, डब्यात औषध आहे, ते इल्माचं आहे, किल्ली माझ्या मोज्यात आहे, झाडं सौनात आहेत, सौना आजोबांचा आहे... विचारल्यावर माणूस सांगतो, मी न विचारता सगळं सांगून टाकलं. डब्याचं कुलूपही मीच काढून दाखवलं.

डेलने टोपी मागे सरकवली. "कायदेशीर आहे ना सर? मग कार्ड दाखवा आणि जा घरी."

मी खिसे चाचपले. पाकिटात वाचनालयाचं कार्ड होतं. चर्चच्या कॉफीमंडळाचं होतं. मासेमारीचा परवाना होता. कार्ड नव्हतं! कार्ड इल्माच्या स्वेटरच्या खिशात, सकाळच्या तालमीत तिथेच राहिलेलं.

"घरी आहे!" मी म्हणालो. "इथून जवळच आहे. इल्मा लगेच देईल!"

डेल भला पोरगा. मला आणि डब्याला आपल्या गाडीत घालून घरी आणलं. उतरून दाराशी जाताना पायरीवरच्या बर्फावरून मी घसरलो, सावरलो आणि दार ठोठावलं.

"इल्मा! उघड गं!"

आत तिच्या वॉकरची टकटक जवळ आली.

"कोण आहे?"

"मी आर्व्हो! माझ्याबरोबर डेल आहे, पोलीस! मी त्याला सगळं सांगितलंय!"

"वॉरंट आहे?"

डेलने माझ्याकडे बघितलं. मी बर्फाकडे बघितलं.

"बाई," डेल म्हणाला, "मी आत येऊन फक्त सरांचं कार्ड घेऊन जातो."

"आत यायला माझी संमती नाही."

"मग दार थोडंसं उघडता?"

"नाही."

"हे गृहस्थ तुमचे यजमान आहेत ना?"

"या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील नाही."

उभा जन्म हिच्याबरोबर काढला, आणि मला नवरा म्हणायलासुद्धा ती बांधील नाही! मी दाराला तोंड लावलं. "अगं, ही तालीम नाही! खरं आहे हे! मी आहे मी!"

"तू म्हणाला होतास, तू असंच म्हणशील."

एव्हाना शेजारच्या लाबाँटबाई फावडं घेऊन कुंपणापाशी आल्या होत्या. बर्फ काढायला आल्यासारखं दाखवत होत्या, पण फावडं हवेतच होतं. "आर्व्हो, सौनाच्या भानगडीत पकडलं वाटतं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"शनिवारच्या सौनाचं बोलावणं बंद झालं, तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलं! आम्हाला आधी वाटलं, आमचंच काही चुकलं." हे शेवटचं त्या खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या.

डेल मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागला. "सर, आता ऐका. कार्ड नाही तर हा डबा मला जमा करावा लागेल आणि तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. तुम्ही तोंडाने सगळं सांगितलंत, डबा उघडून दाखवलात. मी बघितलंच नाही, असं मला म्हणता येणार नाही."

डबा गेला म्हणजे तिचा अख्खा हिवाळा गेला. दाराला एक अरुंद धुरकट काच आहे. तिच्यामागे इल्माची सावली दिसत होती, आणि ती हलत होती. पाय थरथरत होते तिचे. औषध नाही, बसायला खुर्ची नाही, वॉकरला धरून उभी. आणि मी तिला इतकं पक्कं शिकवलं होतं की ती आपलंच औषध दाराबाहेर अडवून उभी होती! मला रडू आलं. डेलसमोर आलं, लाबाँटबाईंसमोर आलं, नाकावरचं पाणी गोठेपर्यंत आलं.

"इल्मा," मी म्हणालो, "मी शिकवलेलं सगळं विसर. चुकलं माझं. उघड."

कडी काही निघाली नाही.

डेलने सुस्कारा सोडला. टोपी काढली आणि पायरीवरचा बर्फ हाताने झटकून तो सरळ खाली बसला. "बाई, मी आत येत नाही. दार उघडू नका. काही बोलूही नका. मला फक्त त्या कार्डावर एक नजर टाकायला मिळाली तर बरं होईल."

दाराच्या खालच्या अंगाला टपालाची फट आहे. तिचं झाकण खळ्‌कन वाजलं आणि दोन कार्डं बाहेर आली. आधी माझं, मग तिचं.

"कार्ड मागितलं तर दाखवायलाच हवं," आतून इल्माचा आवाज आला. "कायद्यात तसं आहे, मी वाचलंय. पण इतका वेळ नुसतं कार्ड मागितलं कुणी? जो तो आत यायचंच बोलत होता."

डेलने कार्डं उलटसुलट बघितली आणि दोन्ही परत फटीतून आत सरकवली. डबा माझ्या हातात दिला. "सर, बाईंना हे सगळं कुणी शिकवलं?"

"मी!" मी नाक पुसून म्हणालो.

"मग तुम्हीही त्यांच्याकडे एखादा तास घ्या. तुम्ही गप्प बसला असतात तर मी दिव्याचं सांगून निघून गेलो असतो." टोपी घालून तो दाराकडे वळला. "येतो, बाई."

"सावकाश जा, डेल," आतून इल्मा म्हणाली. "पायरी निसरडी आहे."

गाडी दिसेनाशी झाल्यावर तिने दार उघडलं. मी तिला खुर्चीत बसवलं, औषध दिलं. हळूहळू तिचे पाय शांत झाले, चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग माझा बांध पुन्हा फुटला.

"तुला खरंच वाटलं, मी दबावाखाली आहे म्हणून?"

"छे! पायरीवर घसरलास, ते मी खिडकीतून बघितलं. दबावाखालचा माणूस इतकं छान नाही घसरत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं! मग उघडलं का नाहीस? पाय दुखत नव्हते?"

"फार दुखत होते."

"मग?"

तिने मांडीवरचं पांघरूण नीट केलं. "आर्व्हो, मी आजारी पडल्यापासून माझं दार कुणी वाजवलंय का? नर्स येते ती सरळ पांघरूणच ओढते. विम्याचा माणूस मी समोर बसलेली असताना तुला विचारतो, यांचं पोट साफ होतं का? आणि तू सांगतोस! न्हाणीघरातसुद्धा तू न विचारता येतोस. मला धरायला येतोस, कळतं मला. पण न विचारता येतोस." ती जरा थांबली. "आज एक माणूस कमरेला पिस्तूल लावून आला. मी नाही म्हटलं, तर तो बाहेर थांबला. बर्फात बसून राहिला. मला ते जरा वेळ बघायचं होतं, एवढंच."

मी उठून खोलीबाहेर गेलो आणि दार वाजवून आत यायला परवानगी मागितली. ती आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

तेव्हापासून मी दार वाजवतो. झोपायच्या खोलीचं, न्हाणीघराचं, एकदा तर सवयीने फ्रिजचंही वाजवलं! इल्मा आतून विचारते, "कोण?" मी म्हणतो, "आर्व्हो." मग ती थोडा विचार करते. बहुतेक वेळा "ये" म्हणते. परवा मात्र "नको" म्हणाली. मी हातात तिचा गरम टॉवेल घेऊन बाहेर उभा राहिलो, आणि खरं सांगतो, डेलच्या गाडीत मागच्या सीटवर बसणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं होतं!