देखण्या फाँटचं रुग्णालय

रुग्णालयाच्या जुन्या पाट्यांवरची अक्षरं जाडजूड, ओबडधोबड होती आणि ती कुणालाही वाचता येत. हा गंभीर दोष नव्या संचालकांनी पहिल्याच पाहणीत हेरला.

"वाचता येतं, ठीक आहे," ते कार्यालय अधीक्षकांना म्हणाले, "पण रुबाब कुठंय?"

नवा फाँट आला. उभ्या रेघा खांबासारख्या, आडव्या केसासारख्या आणि टोकाटोकाला नाजूक पावलं. तो घडवणाऱ्या अक्षरकारानं बजावलं होतं, "हा मोठ्या मथळ्यांपुरता वापरा. लहान आकारात बारीक रेघा दिसणार नाहीत." संचालकांनी मान डोलावली आणि तो औषधांच्या खिडकीपासून मुतारीपर्यंत सगळीकडे लावायचं ठरवलं. अधीक्षकांनी तशी जोरदार शिफारस केली, कारण त्यांची बढती संचालकांच्याच हातात होती. उद्घाटनाला शहरातली झाडून सगळी प्रतिष्ठित मंडळी आली आणि मुख्य पाटीवरचा पडदा सरकताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

चार पावलं मागे सरलं की पाटीवर नुसते काळे गज उरत. पोट आवळून आलेले लोक दातांच्या खुर्चीत जाऊन बसू लागले. तक्रारी वाढल्या तेव्हा परिपत्रक निघालं: पाटीचा मूळ उद्देश शोभा हा असून माहिती हा आनुषंगिक लाभ आहे. शिवाय पाट्या वाचून दाखवणारा एक कर्मचारी नेमण्यात आला. तो कुठे बसतो हे सांगणारी पाटीही अर्थात त्याच फाँटमध्ये होती.

अधीक्षकांची आई पायाच्या जखमेवर पट्टी बदलायला दर सोमवारी एकटी यायची. पाट्या वाचत वाचत खोली गाठायची, पोटच्या मुलालाही हाक मारायची नाही, याचा तिला कोण अभिमान. त्या सोमवारी मात्र ती गाद्यांच्या कोठारात सापडली.

"अरे, माझे डोळे गेले वाटतं," ती म्हणाली.

डोळे ठणठणीत आहेत, पाट्याच गेल्यात, हे अधीक्षकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे संचालक उभे होते.

"आईंना नेत्रविभागात न्या," संचालक मायेनं म्हणाले.

नेत्रविभागाच्या भिंतीवरचा तक्ताही नव्या फाँटमध्ये होता. आईनं वरचं मोठं अक्षर वाचलं, खालच्या ओळीत मात्र तिला नुसते गज दिसले.

"सकाळपासून दुसरी ओळ कुणालाच लागलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "शहरात मोतीबिंदूची साथ आहे."

"तुम्हाला वाचता येते?" अधीक्षकांनी हळूच विचारलं.

"मला पाठ आहे."

आईची शस्त्रक्रिया ठरली. एवढे रुग्ण वेळेत हुडकल्याबद्दल संचालकांचा सत्कारही ठरला आणि अधीक्षकांच्या बढतीवर सही झाली. बाहेर पडताना आईनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मुलाचा दंड धरला.

"आता एकटीनं यायचं नाही मी," ती म्हणाली. "अक्षर मात्र फार देखणं आहे म्हणे?"

"हो आई, फार देखणं," अधीक्षक म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण बढती नाकारण्याइतकी नव्हे.

आता त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. उद्घाटनाला तिसऱ्या रांगेत तुम्हीही होतात आणि टाळ्या चांगल्या जोरात वाजवल्यात. पाटीवर काय लिहिलं होतं, सांगता येईल?