पेटीवरच्या जमुनाबाई

आमच्या संस्थेच्या मीटिंगला सगळे सतरंजीवर गोल बसतात आणि जमुनाबाई कपड्यांच्या पेटीवर. पाचव्या मिनिटाला विचारतात, "काहून?"

आम्ही हिंगोली जिल्ह्यात गावोगाव पथनाट्यं करतो. जमुनाबाई सेनगावकडच्या तांड्यावरच्या. नाटकाचे कपडे शिवणं, सांभाळणं हे त्यांचं काम. प्रश्न विचारायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. एकदा मी समतेवर तासभर बोललो. बाई म्हणाल्या, "समदे बराबर हायेत, तर रोज चहा मीच काहून करून राहिले?" झालं! दुसऱ्या दिवसापासून चहाच्या पाळ्या लागल्या. माझ्या पाळीला निम्मी संस्था उपास धरते.

पण परवा बाईंनी कहर केला. सेनगावला प्रयोग, मैदानात पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या पेटीवरून उठेनात.

"आदी सांगा सर, नाटकातली तांड्यावरची बाई अर्ज उलटा काहून धरते?"

प्रवेश मीच लिहिलेला, हमखास हशा घेणारा. म्हटलं, "लोक हसतात ना, बाई."

"कुणाला?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"मी साळंत गेले न्हाई. पण अर्जावर फोटू असतो. डोकं वर आलं की अर्ज सुलटा. येवढं कळतंय आमाला."

खोटं कशाला सांगू, राग आला मला. गावोगाव लोकांना शहाणं करत हिंडणारा मी, आणि ही बाई मला शिकवणार! पण बाईंचं खरं होतं. उभ्या उभ्या प्रवेश बदलला. आता मोबाईलमध्ये गुंगलेला कारकूनच अर्ज उलटा धरतो. तांड्यावरची बाई तो सुलटा करून त्याच्या हातात देते आणि म्हणते, "आता वाचा." अहो, काय टाळ्या पडल्या! बाया तर उठून उभ्या राहिल्या. मी नाचायचाच बाकी होतो.

धावत जमुनाबाईंकडे गेलो. "बाई, जिंकलो आपण! पण हे आजच कसं सुचलं?"

"माही लेक हितंच कॉलेजात हाय. मागल्या साली खेळाला आलती. त्या उल्ट्या अर्जाला समद्यांसंगं ती बी हसली. मंग माह्याकडं बघितलं अन् गप झाली. तवापासून खेळाला येत न्हाई. माह्यासंगं बाजारात बी येत न्हाई."

"मग आज तरी बोलवायचं तिला."

"बोलावलं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि पांगत चाललेल्या गर्दीतल्या पोरींचे चेहरे एकेक करून बघत राहिल्या.