श्वापद आणि माझी मिशी

खालच्या सलूनवाल्याशी पैज लावायला मला कारण लागत नाही, तो नुसता समोर दिसला की पुरे. त्याचा रेडिओ सकाळपासून असा केकाटतो, जणू त्याचीच कुणी बिनपाण्यानं करतंय.

मी म्हटलं, "मित्रा, बंद कर ते खोकं. इंटरनेटवर अख्खी पुस्तकं ऐकायला मिळतात. फुकट."

"फुकट म्हणजे चोरीची."

"हक्क संपलेली, जुनी. लोक हौसेनं वाचून तिथे ठेवतात, आपण उतरवून घ्यायची."

"मग काहीतरी खोट असणारच."

झालं, पैज ठरली. पुस्तक बिनखोट निघालं तर रेडिओ माळ्यावर. एक जरी खोट निघाली तर माझी मिशी, तीही दुकानाबाहेर खुर्ची टाकून, सगळ्यांदेखत. आता माझ्यातून मिशी वजा केली तर उरतं काय, हे बायकोला विचारा.

लागलो कामाला. पहिलं 'डाउनलोड' दाबलं तर माझं राशिभविष्य उतरलं. दुसऱ्यानं फुकट पुस्तकासाठी बँकेचं कार्ड मागितलं. शेवटी एक सरळमार्गी जागा सापडली, आणि तिथे ओसाड किल्ल्यातल्या श्वापदाची गोष्ट. वाचणारीनं नावाच्या जागी 'एक वाचक' एवढंच टाकलेलं. सुरुवात ऐकली. आवाज ओळखीचा वाटला, पण इतक्या गोड आवाजात आपल्याशी कोण बोलणार, म्हणून सोडून दिलं.

रविवारी सलूनमध्ये स्पीकर लावला. शेजारच्या शिवणकामवाल्या ताई आल्या, वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. बायकोही आली, पण दारातच घुटमळली.

नायिका किल्ल्यात शिरली आणि श्वापद गुरगुरलं. मास्तरांनी पाय वर घेतले.

"ऐक," मी सलूनवाल्याला डिवचलं, "फुकटात जनावरसुद्धा."

पुढे नायक आला, श्वापद गुरगुरतंच होतं. त्यानं नायिकेला लग्नाचं विचारलं तरी गुरगुर चालूच, वर मधूनच एक बारीक शिट्टी.

"हे श्वापद लग्नाचं जेवूनच जाणार का हो?" ताईंनी विचारलं.

तेवढ्यात वाचणारी गोडवा बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, कुशीवर वळा."

आणि सवय वाईट हो, मी बसल्या खुर्चीत वळलो.

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दुपारी हे झोपतात तेव्हा वाचते मी," बायको म्हणाली. "दार लावलं की बाहेरचा आवाज येत नाही. आतला येतो. तेवढं कापायचं राहिलं वाटतं."

"ही खोट नाही," मी शेवटचा हात मारून पाहिला, "वातावरणनिर्मिती आहे."

"खुर्ची बाहेर घेतो," सलूनवाला म्हणाला.

भर रस्त्यात त्यानं मला फेस फासला. भाजीवाला गाडी थांबवून उभा राहिला. दोन फटकाऱ्यांत मिशी फडक्यावर आली. "दहा वर्षांनी तरुण दिसताय," मास्तर म्हणाले, पण त्यांचा चष्मा घरी होता.

बायको जवळ आली. माझा उघडा ओठ बराच वेळ न्याहाळला. वाटलं, आता दोन शब्द धीराचे बोलेल.

"पुढच्या पुस्तकात वाघ आहे," ती हळूच म्हणाली. "उद्या दुपारी जरा पोटभर जेवून झोपाल का?"